रेघेच्या आतला हात

३ ऑक्टोबर

प्रिय फ्यूज,

या नावानं हाक मारावी की नाही, या विचारात पहिला कागद वाया गेला. तुझं खरं नाव लिहिलं की शाळेचा दाखला लिहितोय असं वाटतं. तेव्हा हेच राहू दे. तू पटकन उडायचीस म्हणून तुझ्या आईनं ठेवलेलं नाव. उडालीस की घरभर अंधार करायचीस, म्हणून मीही तेच चालू ठेवलं.

जुलैत आई गेली तेव्हा तू आलीस, तीन तास थांबलीस, पाणीसुद्धा प्यायली नाहीस. मी विचारलंही नाही. तुझा पत्ता मावशीनं दिला. फोन नंबरही दिला, पण माझं फोनवरचं बोलणं तुला माहीत आहे. मी नुसता 'हं' म्हणतो आणि पलीकडचा विचारतो, ऐकू येतंय ना?

पत्राचं कारण असं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचं हे चाळिसावं वर्ष. स्मरणिका निघणार आहे आणि फिरत्या ढालीला आईचं नाव देणार आहेत, प्रदर्शन तिनंच सुरू केलं म्हणून. प्रदर्शनाचा इतिहास मी लिहावा असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं. त्या आईच्याच विद्यार्थिनी. म्हणाल्या, "काका, पहिल्या वर्षापासूनचे आता तुम्ही एकटेच." मी म्हटलं, मी प्रयोगशाळा सहायक होतो, मला लिहायची सवय म्हणजे 'परीक्षानळ्या फुटल्या सहा, थर्मामीटर एक'. त्या म्हणाल्या, "तसंच लिहा. निदान कोणी झोपणार नाही."

त्याप्रमाणे लिहायला बसलो. पहिल्या वर्षी सभागृह मिळालं नव्हतं. वऱ्हांड्यात नऊ बाकं मांडली, त्यावर नऊ वस्तू. वाऱ्यानं चार पडल्या. उरलेल्या पाचांत नंबर काढले. एका मुलाला विजेरीचा सेल सुरी लावून कापायचा होता, आत काय असतं ते बघायला. आईनं त्याला कापू दिला आणि त्यालाच पहिला नंबर दिला. मुख्याध्यापक तेव्हाचे, ते म्हणाले, "बाई, याने तर वस्तू मोडली." आई म्हणाली, "सर, बाकीच्यांनी नुसती रंगवली आहे."

शाळेत मीही तिला बाईच म्हणायचो, हे तुला आठवत असेल. घरी आल्यावर निम्मा तास तरी तोंडातून तेच यायचं.

तुझ्याकडून मला काही नको आहे. फक्त लिहिता लिहिता सोळावं वर्ष येणार, आणि तिथे मी अडणार, हे मला आत्ताच दिसतंय. तुला आधी कळवलेलं बरं.

बाबा


११ ऑक्टोबर

प्रिय फ्यूज,

उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

तिसऱ्या वर्षापर्यंत लिहून झालं आहे. त्या वर्षी एका मुलाच्या वडिलांनी टेम्पोतून पवनचक्की आणली होती. उंची माझ्याएवढी, खाली दुकानाचं लेबल तसंच. आईनं मुलाला विचारलं, "ही फिरते कशी रे?" तो म्हणाला, "बाबा आले की फिरते."

त्यावरून रेघ आली. सकाळी घंटा झाली की प्रत्येक टेबलाभोवती खडूची रेघ मारायची. त्यानंतर निकाल लागेपर्यंत रेघेच्या आत हात फक्त त्या विद्यार्थ्याचा. आई-बाप, शिक्षक, परीक्षक, कोणीही असो, बाहेरूनच बघायचं. बाहेरचा हात लागला तर ती वस्तू स्पर्धेतून बाद. कोणाचा लागला, का लागला, ते विचारायचं नाही. आई म्हणायची, कारणं ऐकत बसलं तर सगळ्यांचीच चांगली निघतात.

रेघा मारायचं काम माझं. सदतीस वर्षं मीच मारल्या. सुरुवातीला वाकड्या यायच्या, मग दोरीला खडू बांधून मारायला लागलो.

सातव्या वर्षी अकरा ज्वालामुखी आले. आठवडाभर सभागृहाला व्हिनेगरचा वास. आईनं फळ्यावर सूचना लिहिली, 'यापुढे ज्वालामुखी सुप्त राहतील.' हे छापायला दिलं आहे. मुख्याध्यापिका हसल्या.

आता जे सांगायचं ते. समितीचे अध्यक्ष म्हणजे ते कारखान्यातले इंजिनिअर साहेब, सोळाव्या वर्षी परीक्षक होते तेच. प्रस्तावना त्यांनी लिहिली आहे. काल मला वाचायला दिली आणि मी वाचेपर्यंत समोर उभे राहिले. त्यात एक वाक्य आहे ते उतरवून पाठवतो: 'स्वतःच्या मुलीची लबाडी परीक्षकांसमोर उघडकीस आली, तेव्हा बाईंनी पोटच्या पोरीलाही क्षमा केली नाही.'

तुला माहीत नसेल. हे ते दर वर्षी उद्घाटनाच्या भाषणात सांगतात. तुझं नाव घेत नाहीत, 'बाईंची मुलगी' म्हणतात. बाईंना मुलगी एकच. समोर बसलेल्या मुलांना ते पाठ झालं आहे. ते वाक्य आलं की आईचा चष्मा पर्समध्ये हरवायचा. भाषण संपेपर्यंत ती तो शोधत असायची.

बोललेलं वाऱ्यावर जातं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण छापलेलं जात नाही. स्मरणिका पंधरा नोव्हेंबरला छापखान्यात जाते. दीड हजार प्रती आहेत. तोपर्यंत मला सोळाव्या वर्षाबद्दल काहीतरी लिहून द्यायला हवं, नाहीतर तेच वाक्य राहील.

बाबा


१९ ऑक्टोबर

प्रिय फ्यूज,

आज सोळावं वर्ष लिहून काढलं. तू तिथे होतीस, तुला सांगायला नको. तरी सगळं नीट लागलं आहे का बघ.

तू दहावीत. तुझं भूकंपमापक यंत्र सात नंबरच्या टेबलावर. सायकलच्या रिमला टांगलेलं वजन, वजनाला पेन, पेनासमोर घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा डबा आणि डब्याला गुंडाळलेला कागद. जमीन हलली की पेन वाकडंतिकडं धावायचं. जास्त हलली तर घंटा वाजायची. कागदावर मिनिटांच्या खुणा तू स्वतः पट्टीनं आखल्या होत्यास. पाच महिने जेवणाचं टेबल आपल्याला वापरता आलं नव्हतं. आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवत होतो आणि तू ओरडायचीस, "पाय आपटू नका, नोंद होतेय!"

पहिला नंबर आला असता तर तू मोठ्या प्रदर्शनाला गेली असतीस, आणि तिथे निवडलेल्या मुलांना अभियांत्रिकीच्या तयारीचं शिबिर होतं. तुला तेच हवं होतं. सकाळची फेरी झाली तेव्हा परीक्षक तुझ्या टेबलापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबले होते.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. मुलं मैदानापलीकडच्या शेडमध्ये गेली. आईनं सभागृहाला कुलूप लावलं. दोन वाजता उघडलं, मुलं आत शिरली, आणि त्यांच्या पायांच्या धक्क्यानं तुझी घंटा वाजायला लागली. थांबेचना. तू धावत गेलीस आणि तिथूनच ओरडलीस, "मी वायर काढून गेले होते! ही कोणी लावली?"

तू ते बोलली नसतीस तर कोणाला कळलंही नसतं. हे मी स्मरणिकेत लिहिलं आहे.

इंजिनिअर साहेब टेबलापाशी आले. रेघेच्या बाहेरून वाकून त्यांनी डब्यावरचा कागद बघितला. एक वाजून दहा ते एक वाजून सोळा. सहा मिनिटं पेन वेड्यासारखं धावलेलं, पुढे-मागे सरळ रेषा. ते हसून म्हणाले, "बाई, भूकंप फक्त सात नंबरच्या टेबलालाच झालेला दिसतोय. घरचंच कार्य म्हटल्यावर काय!"

आईचा चेहरा मला आठवतो. ती म्हणाली, "हॉल बंद होता. किल्ल्या दोन. एक माझ्या पर्समध्ये आहे." मग माझ्याकडे बघून, "दुसरी?"

मी म्हटलं, "सकाळपासून सापडत नाहीये, बाई."

तिनं पर्स मिटली. म्हणाली, "ठीक आहे." रजिस्टर उघडलं, तुझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि समोर लिहिलं, 'बाहेरचा हात'.

तू म्हणालीस, "मी हात लावला नाही. मी कोणाला लावायला सांगितला नाही." आई म्हणाली, "कागद खोटं बोलत नाही." तू म्हणालीस, "म्हणजे मी बोलते?" मग हळूच, पण मला ऐकू आलं, "किल्ली तुझ्याकडे होती, आई. फक्त तुझ्याकडे."

तिनं रजिस्टर मिटलं.

बारावी होईपर्यंत तू तिच्याशी लागेल तेवढंच बोललीस. मग मावशीकडे गेलीस.

इथपर्यंत लिहिलं आहे. यात खोटं काही नाही. तरी मुख्याध्यापिकांना दिलेलं नाही.

बाबा


२० ऑक्टोबर

काल लिहिलं त्यात एक खोटं आहे.

किल्ली माझ्या खिशात होती.

एक वाजता आई कुलूप लावून गेली, मग मी खिडक्या लावायला माझ्या किल्लीनं उघडून आत गेलो. वाऱ्यानं टेबलांवरचं काही पडू नये म्हणून दर वर्षी लावायचो. सगळे जेवायला गेले होते, मी आतून कडी घातली. सात नंबरपाशी आलो तर घंटेची वायर सुटून लोंबत होती. मला वाटलं निखळली. वीस वर्षं माझं काम तेच, सुटलेली वायर दिसली की हात आपोआप जायचा. पण खोटं कशाला, हात आपोआप गेला नाही. मी आधी रेघेकडे बघितलं. सकाळी मीच मारलेली. मग आत गेलो.

वायर स्क्रूला गुंडाळली, आवळली. पुन्हा निघायला नको म्हणून माझ्या हत्यारांच्या डब्यातून सोल्डरिंगचं हत्यार काढून वर कथलाचा डाग दिला. मध्ये घंटा दोनदा वाजली. पेन धावत होतं ते मला दिसलंच नाही. मी वायर बघत होतो. ज्या यंत्राचं कामच हलल्याची नोंद घ्यायचं, त्याला मी सहा मिनिटं हलवत बसलो. आणि ते चालू आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

टेबलावर तुझी वही उघडी होती. त्यात तू लिहिलं होतंस: 'टेबल सोडताना घंटेची वायर काढून ठेवावी, नाहीतर लोकांच्या चालण्यानं वाजते.' मी वाचलं नाही. माझ्या मुलीनं काही विचार करून सुटं ठेवलं असेल, हे मला सुचलंच नाही. तुला ती दोन बोटांनी काढता आली नाही, घंटा वाजतच राहिली, ती माझ्या डागामुळे.

बाहेर पडून कुलूप लावलं. दोन वाजता तेच कुलूप आईनं तिच्या किल्लीनं उघडलं.

आईनं विचारलं तेव्हा किल्ली पँटच्या उजव्या खिशात होती. माझा हात तिच्यावरच होता.

का बोललो नाही, ते मी चोवीस वर्षं शोधतोय. इंजिनिअर साहेबांसमोर लाज वाटली, नोकरीची भीती वाटली, हे सगळं खरं. पण पहिल्या दिवशी नाही बोललं तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं बोलावं लागतं. असं ते वाढत गेलं.

आज एवढंच.


२ नोव्हेंबर

प्रिय फ्यूज,

तुझा मेसेज आला. चार शब्द. 'आईला माहीत होतं का?'

मला वाटलं होतं तू शिव्या देशील. त्या सोप्या गेल्या असत्या.

हो. माहीत होतं.

शाळेनं तिचं कपाट घरी पाठवलं होतं. ते मी तुझा मेसेज आल्यावर उघडलं. इतके दिवस उघडवलं नाही. खालच्या कप्प्यात चादरीत गुंडाळलेलं तुझं यंत्र आहे. सगळं आहे, पेनसुद्धा. घंटेची वायर तिनं माझ्या डागापासून मोकळी करून ठेवली आहे. टोकाला कथलाचा गोळा तसाच. वरच्या कप्प्यात सोळाव्या वर्षाचं रजिस्टर, आणि त्यात डब्यावरचा तो कागद घडी करून. सहा मिनिटांच्या वाकड्या रेषेखाली पेन्सिलीनं तिच्या अक्षरात लिहिलंय, 'यंत्र उत्तम. नोंद अचूक.' बाकी काही नाही.

तिची किल्ली पर्समध्ये होती, हे तिला माहीत होतं. म्हणजे उरली कोणती, हेही माहीत होतं. त्या संध्याकाळी तू दार लावून बसली होतीस. तिनं मला स्वयंपाकघरात विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "नाही." गॅस बारीक करून ती म्हणाली, "बरं." पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षी सभागृहाला नवीन कुलूप आलं. किल्ली एकच, तिच्याकडे. शिपाई मला म्हणाला, "काका, तुमची किल्ली हरवली आणि आम्हाला बाईंच्या मागे धावावं लागतं." मी हसलो होतो.

तू तिच्यावर आळ घेतलास तेव्हा तिनं 'मी नाही' एवढंच म्हटलं असतं, तर तू लगेच माझ्याकडे वळली असतीस. ती म्हणाली नाही. मला वाटतं, निदान एक माणूस तरी तुझ्याकडे राहावा असा तिचा विचार होता. पण मीच तुझ्यासमोर यायचं टाळलं. म्हणजे तिनं मोजलेलं मोलही फुकट गेलं.

हे मी तिचं चांगलं दिसावं म्हणून लिहीत नाही. तिनंही तुला तोंडघशी पाडलं. नियमाप्रमाणे तुझं यंत्र बाद झालंच असतं, पण लबाड तू ठरली नसतीस. दर वर्षी ते भाषण तिनं ऐकून घेतलं, थांबवलं नाही. तिच्यावर रागावायचं तर रागाव. फक्त माझ्या वाट्याचा तिला देऊ नकोस.

अजून एक आहे. ते कोणालाच सांगितलेलं नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आदल्या दिवशी दुपारी ती जागी झाली. सिस्टर सलाईन बघत होती. आई मला म्हणाली, "अहो, किल्ली सापडली का?" सिस्टर म्हणाली, "आजी, किल्ल्या सगळ्या घरी आहेत, तुम्ही काळजी करू नका." मला समजलं होतं. तिनं पुन्हा विचारलं, "सापडली का?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते माहीत नाही. तोंडातून तेच आलं. सवय.

तिनं मान वळवली. त्यानंतर ती बोलली नाही.

बाबा


१४ नोव्हेंबर

प्रिय फ्यूज,

तुझ्याकडून पुढे काही नाही. हे पत्र मात्र तुला वेळेत कळावं म्हणून टाकतो आहे.

सोळाव्या वर्षाचं पान पुन्हा लिहिलं. रेघ कोणी ओलांडली, किल्ली कोणाकडे होती, डाग कोणी दिला. आईला माहीत होतं, हे त्यात लिहिलं नाही. ते तुझं माझं. मुख्याध्यापिकांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, म्हणाल्या, "काका, बसा." मग म्हणाल्या, "मला समितीपुढे ठेवावं लागेल."

आज दुपारी बैठक झाली. इंजिनिअर साहेबांनी पान टेबलावर उलटं ठेवलं.

"काका, तुमची मनःस्थिती आम्ही समजतो. पण आता हे कशाला? पोरगी कुठल्या कुठे गेली. पुलांची तपासणी करते म्हणे. तिला काय फरक पडतो?"

मी म्हटलं, "पुलांची कंपनं मोजते."

"तेच ते. आणि बाईंच्या नावानं ढाल देतोय आपण! 'बाईंच्या घरातूनच नियम मोडला,' असं लोक म्हणतील. तुम्ही मेलेल्या माणसाला खाली ओढताय."

हे बोलणं मला लागलं. कारण त्यात तथ्य आहे. ढालीवर नाव, भाषणातली गोष्ट, मुलांच्या तोंडी असलेला बाईंचा दरारा, सगळं त्या एका आडव्या रेघेवर उभं आहे. मी काडी लावली तर तिचं काय उरतं? माझं पान परत घ्यायला मी हात पुढे केला. आणि मला दिसायला लागलं की मी पुन्हा तेच करतोय. एक कारण मिळालंय आणि ते चांगलं आहे.

मी म्हटलं, "मग प्रस्तावनेतलं ते वाक्य तरी काढा."

साहेब म्हणाले, "ते वाक्यच तर प्रस्तावना आहे हो!"

मत घेतलं. पान गेलं नाही. वाक्य राहिलं. उद्या सकाळी छपाई सुरू होते. मुख्याध्यापिका जिन्यापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "काका, छापखाना माझ्या हातात नाही. पण उद्घाटनाला तुमची खुर्ची स्टेजवर आहे." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला जिना उतरून झाल्यावर कळलं.

मी चाळीस वर्षांत माईकवर बोललेलो नाही. एकदा फक्त 'हॅलो, चेक' म्हटलं होतं, तेही शिपायाच्या सांगण्यावरून.

प्रदर्शन तेवीस तारखेला आहे. तू ये, असं म्हणत नाही.

बाबा


२५ नोव्हेंबर

प्रिय फ्यूज,

परवा झालं. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी लवकर जाऊन सगळ्या टेबलांच्या रेघा मीच मारल्या. आता गुडघे वाकत नाहीत, म्हणून काठीला खडू बांधला. तुझं यंत्र मुख्याध्यापिकांनी आपल्या घरून नेलं होतं. नववीतल्या चार मुलींनी उचलून सात नंबरवर ठेवलं, पुढे पुठ्ठ्यावर तुझं पूर्ण नाव आणि 'सोळावे वर्ष'. मुलींना वाटलं जुनं प्रदर्शनीय काहीतरी आहे. एक म्हणाली, "काका, हे कुठल्या म्युझियममधून आणलं?" मी म्हटलं, "चादरीतून."

त्या टेबलाभोवतीही रेघ मारली. मग घंटा झाली.

साहेबांचं भाषण सुरू झालं. स्मरणिका सगळ्यांच्या हातात होती. नेहमीच्या जागी येऊन ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाईंच्या मुलीची गोष्ट तर तुम्हाला ठाऊकच आहे."

मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली, तिचा आवाज मोठा झाला. साहेबांना वाटलं मला चक्कर आली. म्हणाले, "काकांना धरा कोणीतरी." दोघंजण आले. मी माईकपाशी गेलो आणि खिशातून किल्ली काढली. चोवीस वर्षं ती माझ्या हत्यारांच्या डब्यात होती, स्क्रूंच्या खाली. तिचं कुलूप आता कुठेच नाही.

मी म्हटलं, "त्या दिवशी ही माझ्याकडे होती. बाईंच्या मुलीनं लबाडी केली नाही. रेघेच्या आत मी गेलो होतो. बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मुलगी खरं बोलत होती."

एवढंच. पाठ केलेलं त्याहून जास्त होतं, पण आलं नाही. किल्ली माईकला लागून टकटक वाजत होती. ते सगळ्या सभागृहाला ऐकू आलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. साहेब खाली बघत होते. मग मागच्या रांगेतून एक मुलगी, सातवीतली असेल, हात वर करून उभी राहिली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "काय गं?" ती म्हणाली, "मग त्या ताईंचा कितवा नंबर होता?"

नंबर दिलाच नव्हता. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे बघितलं. आईचा तो कागद माझ्या वरच्या खिशात होता. मी वाचून दाखवलं, "यंत्र उत्तम. नोंद अचूक." मुलगी म्हणाली, "हे कोणी लिहिलं?" मी म्हटलं, "बाईंनी." ती "बरं" म्हणून खाली बसली. तिचं समाधान झालं की नाही, कळलं नाही.

म्हणजे बाईंना माहीत होतं, हे आता ज्याला समजायचं त्याला समजलं असेल. छापायचं नाही असं ठरवलं होतं, ते माझ्याच तोंडून गेलं. मला वाटतं तिला चाललं असतं. नसतं चाललं तरी आता इलाज नाही. ढालीवरचं नाव राहिलं आहे. साहेब जाताना माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी त्यांचा माणूस येऊन गेला, स्मरणिकेत एक वेगळा कागद चिकटवायचा आहे, मजकूर लिहून द्या म्हणाला. दीड हजार कागद चिकटवायला मुलं बसणार आहेत. मजकूर दिला आहे, चार ओळी आहेत.

ती किल्ली या पाकिटात घातली आहे. तिचा तुला काही उपयोग नाही. माझ्याकडे नको, एवढंच.

आता तुझ्या यंत्राबद्दल. संध्याकाळी आवराआवर करताना त्या नववीतल्या एका मुलीनं लोंबणारी वायर बघितली आणि स्क्रूकडे हात नेला. मी तिच्यावर ओरडलो. तुला माहीत आहे, मी ओरडत नाही. ती घाबरून म्हणाली, "काका, सुटली होती म्हणून..." मी म्हटलं, "सुटलेली नाही, बाळ. काढून ठेवलेली आहे."

शाळेनं ते घरी परत पाठवलं. जेवणाच्या टेबलावर ठेवून दिलं आहे. मी ताट मांडीवर घेऊन जेवतो. टेबलाभोवती जमिनीवर खडूची रेघ मारली आहे. कामाला येणाऱ्या बाईंनाही सांगितलंय, आत पुसू नका. त्या म्हणाल्या, काका, म्हातारपणी हे काय? घड्याळाच्या यंत्राला चावी दिलेली नाही, पेनात शाई भरलेली नाही.

वायर तशीच आहे. मी हात लावलेला नाही.

बाबा